आण्णांना हुलग्याचं पाणी

गंगव्वाचं नाव आधी लिहिते. लिहिता लिहिता मी कुठं वाहवत जाईन याचा मलाच भरवसा नाही, आणि तिचं नाव शेवटी आलं तर ती म्हणेल की कोकणीनं मला पंगतीच्या टोकाला बसवलं. गंगव्वा आमच्या समोरच्या घरात राहायची, अजूनही राहते. तिच्या घरात कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजत. बैलांशी ती कानडीत बोलायची, माणसांशी मराठीत, आणि रागावली की दोघांशीही कानडीत. तिनं त्या सकाळी मदत केली नसती तर मी आज या घरात नसते, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ती ऐकत बसलेली असली तर मधेच म्हणते, "तुला कुटं मदत केली मी? मी इंजिनाला केली. तू तितं हुबी हुतीस."

माझं माहेर समुद्राकाठचं. तिथं थंडी म्हणजे पहाटे पायांवर पातळ चादर ओढून घ्यायची आणि उजाडल्यावर ती कुठं पडली हे विसरायचं. नववीत असताना आई अंथरुणाला लागली आणि माझी शाळा सुटली. पाठच्या तीन बहिणींच्या वेण्या घालत, मासे साफ करत मी मोठी झाले. एवढ्या लांब कशी दिली, असं लोक विचारतात. आमच्याकडे पुलाचं काम निघालं होतं, वडील तिथं मुकादम होते आणि खडी टाकायला उमरग्याकडचा एक ट्रक यायचा. त्या ट्रकवर आमचे हे होते. बाकीचं वडिलांनी ठरवलं. पाठवणीच्या वेळी ते म्हणाले, "तिकडे हवा कोरडी आहे, प्रकृतीला चांगली." कोरड्या हवेला दात असतात हे ते बोलले नाहीत. मी इथं आले ती दिवाळीनंतर. शेताडातली ज्वारी कमरेला आली होती, पहाटे तिच्यावरून जो वारा यायचा तो माझ्या हाडांत शिरून दुपारपर्यंत तिथंच बसून राहायचा. आमचे हे हैदराबादच्या खेपेवर. घरात मी, सासूबाई आणि सासरे. इकडच्या रीतीप्रमाणं मी सासूबाईंना आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा.

आणि आण्णा.

पहिल्याच संध्याकाळी मामा ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, आण्णांवर वाकळ घातली का बघ." वाकळ म्हणजे गोधडी, एवढं मला कळलं. आण्णा कोण ते कळलं नाही. पहाटे परत आवाज आला, "पयलं पाणी आण्णांचं. बाकीच्यांचं मागनं." आत्या तापल्या पाण्याच्या बादल्या उचलून परड्यातल्या पत्र्याच्या खोलीकडे जायच्या आणि रिकाम्या घेऊन यायच्या. मी मनाशी हिशेब लावला की घरात कुणी थोरले, अंथरुणाला खिळलेले असणार, आणि नव्या नवरीला भीती वाटू नये म्हणून दाखवलं नसणार. माझ्या आईचं सगळं मीच केलेलं, त्यामुळं माझा जीव राहवेना. आपण अजून पायासुद्धा पडलो नाही, हे फार लागून राहिलं. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर नीट घेतला, कपबशीत चहा घेतला आणि त्या खोलीत गेले. आत अंधार, कोपऱ्यात वाकळीखाली काहीतरी अवजड निजलेलं. "आण्णा, चहा आणलाय," म्हटलं, कपबशी खाली ठेवली आणि डोकं टेकवलं. कपाळाला गार लोखंड लागलं. मागं वळून पाहिलं तर दारात गंगव्वा उभी, डोक्यावर जोंधळ्याची पाटी. ती हसली नाही, हे मला अजून आठवतं. माझ्या कपाळावरचा काळ्या तेलाचा टिळा तिनं नीट बघून घेतला आणि विचारलं, "उटले का गं आण्णा?" दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की गिरणीवाल्याच्या सुनेनं डिझेल इंजिनाला चहा दिला.

ते इंजिन मामांच्या थोरल्या भावानं बैलगाडीत घालून आणलं होतं. भाऊ गेला, गिरणी मामांकडं आली, आणि भावाला हाक मारायची सवय होती ती इंजिनाकडं गेली. मामा त्याच्याशी अहो-जाहोनं बोलत. "आण्णा आज जरा जड हायेत," किंवा "आण्णांचा आवाज बसलाय," असं ते डॉक्टरला सांगावं तसं सांगायचे. दोन्ही अंगाला माझ्या छातीपर्यंत येणारी दोन लोखंडी चाकं, मधे काळं धूड, डोक्यावर उघडी पाण्याची टाकी आणि छपराबाहेर काढलेला धुराचा पाइप. पाइपाच्या तोंडावर मामांनी तेलाचा एक रिकामा डबा बसवला होता. इंजिन चालू झालं की तो डबा पुक् पुक् पुक् असा वाजायचा, आणि रानात खुरपणाऱ्या बायकांना सुद्धा कळायचं की गिरणी चालू आहे, दळण घेऊन जायला हरकत नाही. गावात वीज होती, पण ती पाहुण्यासारखी यायची, आणि आली तरी चहा घेऊन निघायची. आण्णांचं तसं नव्हतं. आण्णा फक्त थंडीत रुसायचे. अंग गार पडलं की हँडल मारून मारून माणूस घामाघूम होई, पण ते नुसते खोकत आणि पांढरा धूर सोडत. म्हणून रात्री अंगावर वाकळ, सकाळी टाकीत कढत पाणी. ते जरा वेळ ठेवायचं, खालच्या तोटीनं सोडायचं, पुन्हा दुसरं कढत ओतायचं. आणि एकदा सुरू झाले की थंडीच्या दिवसांत दळण संपेपर्यंत बंद करायचं नाही. मधे गिऱ्हाईक नसलं तरी पट्टा काढून ठेवायचा आणि आण्णांना नुसतंच चालू द्यायचं.

या सगळ्यात माझा नंबर कुठं लागत होता ते सांगते. पहिलं कढत पाणी आण्णांना, दुसरं मामांना, तिसरं आत्यांना, आणि चौथ्याला बंबाखालच्या तुराट्या संपलेल्या असायच्या. घरात वाकळी मोजक्याच. त्यातली सगळ्यात जाड माझ्याच रुखवतात आलेली, आईच्या जुन्या लुगड्यांची. मी आल्या आल्या मामांनी ती हातानं दाबून पाहिली आणि समाधानानं म्हणाले, "ही आण्णांना बरी." माझ्या आईच्या लुगड्यांखाली इंजिन झोपायचं आणि मी आत्यांच्या पायाशी एका घोंगडीत गुडघे छातीला लावून कुडकुडत. मनातल्या मनात मी आण्णांशी जावेसारखी भांडायची. पण एक सांगायला हवं, संध्याकाळी आण्णा सगळं परत करायचे. दिवसभर चालून टाकीतलं पाणी वाफाळत असायचं. तोटी सोडली की बादल्या भरायच्या, आणि शेवटच्या नंबरची मी संध्याकाळी मात्र पोटभर कढत पाण्यानं हातपाय धुवायची. गल्लीतल्या बायकाही तांब्या घेऊन यायच्या. गंगव्वा तेवढी यायची नाही. म्हणायची, "लोखंडानं उष्टावलेलं पाणी मला नको."

गंगव्वाचं सोवळं असं होतं. तिच्या गळ्यात लिंग, सकाळी अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय पाणी नाही, घरात कांदा चिरला तरी सुरी दोनदा धुणारी बाई. मी मासे खाणाऱ्या घरातली, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी तिच्या ओट्यावर गेले की ती पाण्याची बिंदगी, म्हणजे कळशी, हळूच पलीकडे सरकवायची. "तुज्या हाताला समुद्राचा वास येतो, कोकणे. लांब बस. बोल तितनंच." आणि तिथूनच बोलायला लावून तासभर सोडायची नाही. तिला समुद्राचं भारी नवल. पाणी खारट असूनसुद्धा लोक त्याच्याजवळ राहतात, हे तिला पटतच नव्हतं.

आता त्या सकाळचं. येळवस जवळ आली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते: मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या या भागात गावंच्या गावं रानात जेवायला जातात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. ओल्या तुरीच्या, वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली आंबील. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, तेही कुणाच्या तरी गाडीमागं रानात जातं. आंबिलीचं पीठ आदल्या दिवशी भिजलं पाहिजे, नाही तर ती आंबत नाही. म्हणजे आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक घराचं दळण झालंच पाहिजे. आमच्या गिरणीचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो.

त्याच्या थोडे दिवस आधी आण्णांनी मामांचा हात मोडला. हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं आणि हँडलचा फटका मनगटावर बसला. हात फळीला बांधून गळ्यात अडकवला. मामा आण्णांना काही बोलले नाहीत. "माझंच चुकलं, मी घाई केली," एवढंच. पण गल्ली बोलली. नवी सून आली आणि हात मोडला. एकीनं पायगुण हा शब्द माझ्या समोरच उच्चारला आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. त्याच रात्री आत्या माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पोरीला थंडी सोसंना झालीया. येळवस झाली की माहेरी धाडून देऊ. उन्हाळ्यापत्तोर राहील." त्या मायेनंच म्हणाल्या, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की मला परत पाठवणार. मामांनी उत्तर दिलं ते वेगळंच होतं. "येळवसचं दळण झालं न्हाय तर गिऱ्हाईक हायवेच्या इजेच्या गिरणीला जाईल, आन एकदा तिकडं गेलं की झालं. मग आण्णांना उमरग्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकू. खानारी तोंडं तेवढी, कमावनारं कोन?" खाणाऱ्या तोंडांत मी आले. माहेरी तीन बहिणी उजवायच्या होत्या, आणि मी परत गेले असते तर वडील काही बोलले नसते, नुसते ओटीवर बसून राहिले असते. मला ते बसणं दिसत होतं. म्हणून सांगते, आण्णांची जेवढी काळजी त्या आठवड्यात मला होती तेवढी मामांनासुद्धा नसेल. मी रात्री दोनदा उठून वाकळ नीट आहे का बघायची.

येळवसच्या आदल्या सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं गंगव्वाचं दार दिसत नव्हतं, फक्त तिच्या खोकण्यावरून ते कुठं असेल ते कळत होतं. गिरणीपुढं पाट्यांची, डब्यांची, पोत्यांची रांग लागली होती. हँडल मारायला दत्तू पैलवानाला बोलावलं होतं. दत्तू गावातला एकुलता एक पैलवान, कारण दुसऱ्यानं तालीम सोडून किराणा दुकान टाकलं होतं. मामा बाजेवर बसले, हात गळ्यात, आणि वरात काढावी तसे हुकूम देऊ लागले. आत्यांनी कढत पाण्याच्या दोन्ही बादल्या टाकीत ओतल्या. आता लगेच हँडल मारायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण बायकांची रांग बघून दत्तूला स्फुरण चढलं. त्यानं सदरा काढला, मांडीवर थाप मारली आणि जोर काढायला सुरुवात केली.

"आरं, कुस्ती हाय का दळण?" मामा म्हणाले.

"अंग गरम केल्याबिगर हात लावू नये काका, उस्तादानं सांगितलंय."

"तुजं गरम व्हईल आन त्यांचं गार."

तेच झालं. दत्तूचे जोर संपले तोवर टाकीतल्या पाण्यावर वाफ उरली नव्हती. त्यानं हँडल मारलं, चाकं फिरली, आण्णा दोनदा खोकले आणि गप्प झाले. पुन्हा मारलं, पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकलेसुद्धा नाहीत. मामांनी पाणी सोडायला सांगितलं, दुसरं कढत आणा म्हणाले. आत्या आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. बंब विझलेला. दवानं तुराट्या भिजलेल्या, पेटेनात. रांगेतल्या बायका आपापल्या घरी बघायला गेल्या, पण सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या होत्या. कुणी तांब्याभर आणलं, कुणी चहाचं आधण आणलं. टाकीचा तळसुद्धा ओला होईना. मग सल्ले सुरू झाले. एकीनं नारळ फोडायला सांगितलं. एकजण म्हणाला हवेच्या तोंडाशी पेटता काकडा धरा. एका म्हातारबांनी सांगितलं की इंजिनाला दृष्ट लागली आहे, आणि हे सांगताना ते माझ्याकडं बघत होते. रांगेच्या शेवटी एका माणसानं पोतं उचलून सायकलच्या कॅरियरवर ठेवलं. सगळ्यांनी ते पाहिलं. सायकल हायवेच्या बाजूला वळवली होती.

मी दाराशी उभी होते. माझे दात वाजत होते, थंडीनं की भीतीनं ते सांगता येणार नाही.

"काय बगायलीस?" गंगव्वाचा आवाज आला. तिची पाटी रांगेत पहिली होती आणि ती तिच्यावरच बसलेली. "कढत पानी पायजे ना? माज्या चुलीवर हंडाभर हाय. चल."

तिच्या चुलीवरच्या हंड्यात हुलगे शिजत होते. ती त्याला हुरळी म्हणायची. दुसऱ्या दिवशी बैलांना गाडी ओढून रानात जायचं, म्हणून त्यांना ताकदीला हुलगे आणि वर ते दाट पाणी. हंडा खदखदत होता. मी म्हटलं, "अव्वा, हे तर हुलग्याचं पाणी आहे."

"मग? थंडी वाजली की मानसाला काय देतेत? हुलग्याचंच पानी देतेत ना? ह्याला का न्हाय? आण्णा म्हंतेत ना तुमी त्याला?" तिनं हुलगे झाऱ्यानं बाजूला काढले, पाणी दोन बिंदग्यांत ओतलं. एक स्वतःच्या कमरेवर घेतली आणि दुसरी माझ्यापुढं केली. मी हात मागं घेतले. ही तिची पिण्याच्या पाण्याची, पूजेच्या पाण्याची बिंदगी. मला सवयच लागली होती तिच्यापासून लांब राहायची. "अव्वा, माझा हात..."

"धर. वास इचारायची येळ न्हाय ही."

आम्ही दोघी धुक्यातून निघालो, कमरेवर वाफाळत्या बिंदग्या. रांग बाजूला झाली. मामांना वास आला असणार, पण त्यांनी काही विचारलं नाही. माणूस बुडताना दोरी कशाची आहे ते विचारत बसत नाही. तपकिरी दाट पाणी टाकीत गेलं. त्या पाण्याची ऊब साध्या पाण्यापेक्षा टिकते हे मला त्या दिवशी कळलं. आण्णांच्या लोखंडाला हात लावला तर ताप आल्यासारखं लागत होतं. मग मामा म्हणाले, "सूनबाई, तू दांडीवर ये." इंजिनाच्या डोक्याशी एक छोटी दांडी होती. ती वर धरली की इंजिनाचा दम मोकळा राहतो आणि चाकं हलकी फिरतात. चाकांनी वेग घेतला की दांडी सोडायची, मग आत भडका उडून इंजिन सुरू होतं. लवकर सोडली तर हँडल उलटं येतं, म्हणजे आता दत्तूचं मनगट. मामांचा हात माझ्या डोळ्यांसमोरच गळ्यात लटकत होता. दत्तूनंही तो पाहिला आणि पहिल्यांदाच गप्प राहून हँडलला हात घातला.

"मी म्हनल्याबिगर सोडू नको," मामा म्हणाले.

चाकं फिरली. दत्तूच्या मानेच्या शिरा फुगल्या. माझी बोटं गारठून त्या दांडीला चिकटलेली, मामांनी "सोड" म्हटल्यावर ती सुटतील की नाही हीच मला धास्ती. "अजून. अजून. हां... सोड." सुटली. आण्णा एकदा भक् करून खोकले, काळा धूर बाहेर पडला, आणि मग छपरावरचा डबा बोलला. पुक्. पुक्. पुक् पुक् पुक्. रांगेतल्या बायकांनी पदर सावरले, पाट्या पुढं सरकवल्या. तो सायकलवाला हायवेपर्यंत पोचला नव्हता. डब्याचा आवाज ऐकून तो वळला आणि आपण मुळी गेलोच नव्हतो अशा चेहऱ्यानं रांगेत उभा राहिला.

गोष्ट इथं संपली असती तर गंगव्वाला माझ्यावर एवढा हक्क सांगता आला नसता. चार-पाच पाट्यांचं दळण झालं असेल, आण्णा चांगले तापले आणि टाकीतून फेस यायला लागला. आधी काठापर्यंत, मग काठावरून, मग चाकावरून उडून लोकांच्या अंगावर. हुलगे उतू जातात ते कुठल्याही बाईला माहीत आहे, पण इंजिन उतू गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दत्तू बाहेर पळाला. पट्ट्यावर फेस पडला तर पट्टा घसरणार. मामा बाजेवरून उठले, "बंद करा, बंद करा" म्हणू लागले, आणि स्वतःच थांबले. कारण बंद केलं की पुन्हा सुरू व्हायचं नाही, कढत पाणी गावात कुठंच उरलं नव्हतं, आणि रांग अजून वेशीपर्यंत होती. सगळे मामांकडं बघत होते आणि मामा आण्णांकडं. मी काही विचार केला नाही. घरात डाळ उतू गेली की हात जिकडं जातो तिकडं माझा गेला. धावत स्वयंपाकघरात गेले, करडईच्या तेलाची बुधली आणि पळी आणली, आणि टाकीत पळीभर तेल सोडलं. फेस जागच्या जागी बसला, बापानं दटावल्यावर पोर बसतं तसा.

मग गंगव्वा म्हणाली, "मीठ बगितलंस का?"

त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत इंजिनाशेजारी पाटावर बसून होते, एका हातात पळी, एका हातात बुधली. फेस आला की थेंबभर तेल, दाट झालं की तांब्याभर पाणी. पीठ न्यायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, "आण्णा शिजले का?" गिरणीत पिठाचा, डिझेलचा आणि हुलग्याच्या माडग्याचा असा वास भरला होता की गल्लीतली दोन कुत्री दिवसभर दारात बसली, आणि दुपारी मला स्वतःला भूक लागली. पायगुणवाली बाई पीठ घेताना माझ्याकडं बघून म्हणाली, "कोकनात इंजिनात तेलाची फोडनी देतेत वाटतं." मी हो म्हणाले. आणखी महत्त्वाचं म्हणजे इतकी थंडी असून त्या दिवशी मला थंडी वाजली नाही. दिवसभर आण्णांना टेकून बसले होते. शेवटची पाटी दळून झाली, मामांनी इंजिन बंद करायला लावलं, डबा गप्प झाला. मामा जवळ आले, चांगल्या हातानं आण्णांच्या टाकीवर थोपटलं, मग तोच हात क्षणभर माझ्या डोक्यावर ठेवला. "वाकळ घाल आण्णांवर," म्हणाले. मग थांबून, "ऱ्हाऊ दे. आज तूच घे." माहेरी पाठवायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

तेवढ्यात गंगव्वा रिकाम्या बिंदग्या घेऊन आली. "माजं पानी द्या." मी तोटी सोडली. काळपट, तेलकट, डिझेलचा वास येणारं ते पाणी तिनं नेऊन बैलांपुढं ठेवलं. बैलांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्यांना नुसते हुलगे मिळाले, कोरडे, आणि दुसऱ्या दिवशी येळवसला बैल असे रुसले की गंगव्वाची गाडी सगळ्या गावाच्या मागून रानात पोचली. मी तिच्या शेतात जेवायला गेले होते, तिनंच बोलावलं होतं. कोपीपुढं सगळे बसलेले, ऊन पाठीवर आलेलं, ज्वारीची पानं सळसळत होती. तिनं आंबिलीची बिंदगी माझ्याकडं सरकवली. पलीकडे नव्हे, माझ्याकडं. "वाढ सगळ्यास्नी," म्हणाली. मी वाढलं. पहिला घोट घेताना मला वाटलं, ताक आणि पीठ याला एवढी चव कुठून येते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "खारं न्हाय ना? समुद्रासारकं?"

आता विजेची मोटर आहे. बटण दाबलं की दळण. मामा-आत्या गेले, आमचे हे ट्रक सोडून गिरणीवर बसतात, आणि आण्णा परड्यात त्याच खोलीत आहेत. भंगारवाला दरसाल विचारून जातो. वाकळीचे धागे निघालेत, आईच्या लुगड्याचा एक हिरवा काठ तेवढा ओळखू येतो. गंगव्वाचं वय झालं, कंबर वाकली, थंडीत ती दारातून हलत नाही, आणि मी दिसले की तिचा एकच प्रश्न. "माजं हुलग्याचं पानी कवा देतीस?" मी कितीदा दिलं. हंडाभर हुलगे शिजवून दिले, माडगं करून नेलं, एकदा तिच्या बैलांना पेंड घेतली. प्रत्येक वेळी ती चाखून किंवा बघून म्हणते, "हे न्हवं. त्या इंजिनातलं पायजे." जिला लोखंडानं उष्टावलेलं पाणी चालत नव्हतं, ती हे म्हणते.

परवा धुकं पडलं होतं. ती दारात पाय पोटाशी घेऊन बसलेली, तळवे निळे पडले होते तिचे. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. दत्तू म्हातारा झाला, पण हँडल मारीन म्हणतो, या खेपेला जोर न काढता. दांडी मी धरीन. या थंडीत नाही जमलं तर पुढच्या थंडीत, पण एका सकाळी छपरावरचा डबा पुन्हा वाजेल, गंगव्वा, आणि टाकी तापली की मी तोटी सोडून तुझीच बिंदगी भरीन, माझ्याच हातानं, आणि तुझे पाय त्या पाण्यात घेऊन बसेन, तू साकु, म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत.